रिकाम्या बेल्टचा परतीचा रस्ता

कन्व्हेअर बघायला कुणीही आलं की त्याची नजर वरच जाते. क्रशरमधून फुटून आलेली चुनखडी ढिगाऱ्याढिगाऱ्याने चाललेली असते आणि ते दृश्य आहेच तसं. पण माझी नोकरी त्या बेल्टच्या देखभालीची आहे, त्यामुळे मी आधी वाकून खाली बघतो. माल टाकून रिकामा परत येणारा बेल्ट खाली धावत असतो. आमच्या लायनीवरच्या बहुतेक तक्रारी तिथून सुरू व्हायच्या. परतीच्या त्या वाटेत आम्ही जो बदल केला, त्याबद्दल लिहितो आहे. हे काम मराठीत कुणी सविस्तर लिहिलेलं मला सापडलं नाही, आणि राजुरा-कोरपना पट्ट्यात, वणीकडे, अशा लायनींवर राबणारी मराठी पोरं शेकड्यांनी आहेत.

आमचा कन्व्हेअर खाणीतल्या क्रशरपासून प्लांटच्या स्टॉकपाइलपर्यंत, म्हणजे मालाच्या ढिगापर्यंत जातो. लांबी १.८ किलोमीटर, बेल्टची रुंदी १२०० मिलिमीटर, चार प्लायचा, म्हणजे कापडाच्या चार थरांचा फॅब्रिक बेल्ट, वेग सेकंदाला अडीच मीटर. म्हणजे खाणीत पडलेला दगड बारा मिनिटांत प्लांटमध्ये. वाटेत एक नाला आहे आणि एक गावचा रस्ता. दोन्हींवरून कन्व्हेअर ट्रेसलवर, म्हणजे लोखंडी खांबांच्या सांगाड्यावर, उंचावरून जातो.

माल नेणाऱ्या बाजूला दर १.२ मीटरवर तीन रोलरचा सेट असतो. रिटर्नला, म्हणजे परतीच्या बाजूला, दर तीन मीटरवर एकच सपाट रोलर. म्हणजे वर साडेचार हजार रोलर आणि खाली जेमतेम सहाशे. कागदावर बघितलं तर खालची बाजू हलकी, सोपी. घोटाळा असा आहे की हेड पुलीवरून, म्हणजे प्लांटच्या टोकाच्या चाकावरून, वळताना बेल्ट उलटा होतो. ज्या बाजूने दगड वाहिला तीच बाजू आता खाली येते आणि ते सहाशे रोलर त्याच मळकट बाजूवर फिरतात. बेल्ट खरवडणारा स्क्रॅपर कितीही चांगला लावा, बेल्टला काहीतरी चिकटून परत येतंच. हिशेब करून बघा. दर चौरस मीटरला फक्त १०० ग्रॅम चिखल राहिला आणि मळलेली रुंदी एक मीटर धरली, तर सेकंदाला पाव किलो, तासाला ९०० किलो माल उलट्या दिशेने खाणीकडे निघतो. तो खाणीपर्यंत पोहोचत नाही. वाटेत प्रत्येक रोलर थोडा थोडा खरवडून घेतो आणि खाली टाकतो.

आमच्याकडे चुनखडीच्या डोक्यावर काळी माती आहे. उन्हाळ्यात ती धूळ होऊन उडते, त्याचं फारसं काही वाटत नाही. आषाढात मात्र दगडासोबत ती क्रशरमध्ये येते आणि पॉलियुरेथेनच्या पात्यालाही दाद देत नाही. रोलरवर तिचा थर चढतो, तोही एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. रोलर गोल राहिला नाही की बेल्ट कडेला सरकतो. कडेला सरकला की फ्रेमला घासतो, कडेचं रबर उसवतं, आत पाणी शिरतं, प्लाय सुटायला लागतात. मग बेल्ट सरकल्याचं ओळखणारा स्वे स्विच लागून लाइन थांबते आणि कंट्रोल रूममधून फोन येतो. रात्री दोन वाजता टॉर्च आणि सब्बल घेऊन ट्रेसलवर रोलर खरवडणारे लोक ज्यांनी पाहिले नाहीत, त्यांना हा कन्व्हेअर कळलेला नाही असं मी मानतो.

पण मला या कामाला भिडायला लावलं ते त्या रस्त्याने. माझं स्वतःचं घर कापसाचं. वडिलांनी आयुष्यभर कापूस पिकवला, त्यामुळे वेचलेल्या कापसावर एक डाग पडला की जिनिंगवर भाव कसा खाली येतो हे मला कुणी सांगायला नको. आमच्या ट्रेसलखालून गावातल्या कापसाच्या गाड्या जातात. परतीचा पाऊस लांबला की पहिली वेचणी आणि ओला बेल्ट एकाच वेळी असतात. वरून राखाडी चिखलाचे गोळे पडायचे. मोटारसायकलवरून दूध नेणाऱ्यांच्या अंगावर, शाळेच्या पोरांच्या दप्तरांवर, आणि भरलेल्या गाडीवर. एकदा एका शेतकऱ्याने गाडी ट्रेसलखालीच उभी केली आणि मला बोलावून वरचा कापूस दाखवला. शिवी नाही, ओरडणं नाही. "साहेब, हा कापूस आता कोणत्या भावानं देऊ, तुमीच सांगा," एवढंच म्हणाला. कंपनीकडून भरपाई मिळाली, पण भरपाई हे त्यावरचं उत्तर नव्हतं.

रस्त्याच्या वर रिटर्न बेल्टखाली पत्र्याचा ट्रे आधीपासून होता. उपाय म्हणून तो दिसायला बरोबर आहे. प्रत्यक्षात ट्रे भरतो, भरल्यावर बेल्ट त्या चिखलावर घासत चालतो, आणि ट्रे साफ करायला माणूस वर चढवायचा तर लाइन बंद, परमिट, लॉक, सगळं करावं लागतं. पावसाळ्यात हे रोज कोण करणार? दुसरा स्क्रॅपर लावला, त्याने फरक पडला, पण काळ्या मातीपुढे पुरेसा नाही. पाण्याने बेल्ट धुण्याची पेटीही चर्चेत होती. ते धुतलेलं पाणी आणि गाळ सोडायचा कुठे, तर शेवटी नाल्यातच. ते मला मान्य नव्हतं आणि सुदैवाने वरच्यांनाही नव्हतं.

आमचे सर्वांत जुने फिटर भाऊ तेव्हा एक वाक्य बोलले होते: "पुसून पुसून किती पुसान साहेब, त्या पट्ट्याले पालथाच करा ना." त्यांनी ते वैतागून म्हटलं होतं, पण नेमकं तेच करायचं होतं. त्याला टर्नओव्हर म्हणतात. हेडकडून परत निघालेला बेल्ट वाटेत १८० अंश फिरवायचा, म्हणजे मळकी बाजू वर जाते आणि स्वच्छ बाजू रोलरवर बसते. टेलच्या, म्हणजे खाणीकडच्या टोकाच्या, अलीकडे पुन्हा १८० अंश फिरवून मूळ स्थितीत आणायचा. दुसरा फेरा विसरून चालत नाही. एकच फेरा दिला तर प्रत्येक चकरेला बेल्टची बाजू बदलत राहील आणि आतल्या पातळ रबरावर दगड पडायला लागेल.

आणखी एक पर्याय मांडला गेला होता, तो इथेच सांगतो, कारण तो वरवर पाहता शहाणपणाचा वाटतो. आमचं ग्रॅव्हिटी टेक-अप, म्हणजे वजन लटकवून बेल्ट ताणून धरणारी व्यवस्था, हेडजवळ आहे. बेल्ट पहिल्या बेंड पुलीवरून खाली उतरतो, वजन लटकवलेल्या पुलीखालून वळतो आणि दुसऱ्या बेंड पुलीवरून पुन्हा सरळ होतो. यातली मधली पुली स्वच्छ बाजूला लागते, पण दोन्ही बेंड पुली मळक्या बाजूला. त्यांच्यावर इंचइंच थर बसायचा. म्हणून सूचना आली की टेक-अपच उचलून टेलला न्या. पण ड्राइव्ह, म्हणजे बेल्ट ओढणारी मोटर, हेडला आहे. मोटर सुरू होताच ढील तयार होते ती ड्राइव्हच्या लगेच मागे, आणि ती तिथल्या तिथे ओढून घेणारं वजन हवं. पावणेदोन किलोमीटर दूर बसलेल्या टेक-अपला ती ढील पोहोचेपर्यंत हेड पुलीवर बेल्ट घसरायला लागेल. टेक-अप होतं तिथेच राहिलं, आणि त्याच्या दोन बेंड पुलींचा त्रास आम्ही पत्करला.

टर्नओव्हर समजायला सोपा आहे आणि करायला अवघड, कारण बेल्टला पीळ सहन व्हावा लागतो. ओली चादर दोघांनी दोन टोकांना धरून अर्धा पीळ दिला की कडा ताणतात आणि मधे झोळ पडतो, तसंच इथे होतं. मधली रेषा सरळ जाते, कडा वळसा घेऊन जाते, म्हणून कडेला जास्त लांबी लागते. १२०० मिलिमीटरच्या बेल्टचा अर्धा पीळ १८ मीटरमध्ये बसवला तर कडेची वाट साधारण ९८ मिलिमीटरने लांब होते, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या किंचित वर. तोच पीळ ९ मीटरमध्ये दिला तर हा फरक दोन टक्क्यांच्या पुढे जातो. कडा फाटायच्या बेताला येतात आणि मधला भाग ढिला पडून घडी घालतो. फॅब्रिक बेल्टसाठी रुंदीच्या बारा-तेरा पट लांबी ठेवतात, आमच्याकडे ती साडेचौदा ते साडेपंधरा मीटर होते. आम्ही १८ धरले. स्टील कॉर्डच्या बेल्टला याहून बरीच जास्त जागा लागते, कारण पोलादी दोऱ्या ताणत नाहीत. निव्वळ लांबी पुरत नाही, बेल्टमध्ये ताणही पुरेसा हवा, नाहीतर झोळ पडतोच. टेक-अपच्या वजनात काही प्लेटा वाढवाव्या लागल्या आणि त्याआधी जॉइंट व मोटर दोन्हींचा हिशेब नव्याने तपासला.

जागा शोधणं हे खरं काम. पिळाच्या मधोमध बेल्ट उभा असतो, कडेवर कड. म्हणजे रेषेच्या वर ६०० मिलिमीटर आणि खाली ६०० मिलिमीटर मोकळे लागतात. आमचा रिटर्न बेल्ट वरच्या बेल्टच्या खाली पाऊण मीटरवर, आणि त्या पाऊण मीटरमध्येही आयडलरचे, म्हणजे रोलरचे, स्टँड आणि मधला डेक प्लेटचा पत्रा. उभा बेल्ट तिथे मावणं शक्य नव्हतं. त्यामुळे परतीची वाटच खाली उतरवावी लागली. टेक-अप संपल्यावर नाल्याकडे जमीन खोल जाते आणि ट्रेसल उंच होतो. तिथे खाली जागा आयती होती. रिटर्न बेल्ट त्या टप्प्यात खाली घेतला, पीळ दिला, आणि रस्त्याच्या आधी पुन्हा जुन्या रेषेत आणला.

खाली उतरवताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी लागते: कोणतं वळण बेल्टच्या कोणत्या बाजूला स्पर्श करतं. खाली जाणाऱ्या पहिल्या वळणावर पुली बेल्टच्या खालून असते, म्हणजे अजूनही मळक्या बाजूला. पीळ झाल्यावर वर चढणाऱ्या वळणावर पुली वरून दाबते, आणि तोवर मळकी बाजू वर आलेली असते. म्हणजे वाट बदलायच्या नादात आपण मळक्या बाजूला दोन नवे स्पर्श देऊन बसतो. म्हणून उतार आणि चढ दोन्ही अगदी सौम्य ठेवले, पहिल्या वळणाच्या आधी वेगळा स्क्रॅपर दिला, आणि दोन्ही ठिकाणी सलग गुळगुळीत रोलरऐवजी रबरी चकत्यांचे रोलर घेतले. चकत्यांवर माती धरत नाही असं नाही, पण धरली तरी हलून पडते. पिळाच्या मधोमध उभ्या बेल्टला दोन्ही बाजूंनी आधार देणारी उभ्या रोलरची जोडी लावली.

टेलच्या बाजूला असं काही आयतं नव्हतं. तिथे कन्व्हेअर जमिनीला टेकलेला, क्रशर हॉपर लगत, आणि खाली अखंड चुनखडी. सुरुंग लावायचा प्रश्नच नव्हता. रॉक ब्रेकरने हळूहळू खड्डा फोडला आणि पाणी साचू नये म्हणून उताराने गटार काढून सेटलिंग टँकला जोडलं. या कामाला सर्वांत जास्त वेळ गेला आणि त्याचं सर्वांत कमी कौतुक झालं.

बेल्ट कापून नव्या वाटेने ओवण्याचं काम भट्टीच्या विटा बदलण्याच्या वार्षिक शटडाऊनमध्ये बसवलं. टेक-अपचं वजन चेन ब्लॉकने उचलून बांधलं, बेल्ट दोन्हीकडून क्लॅम्प केला, मग कापला. मोकळं टोक खालच्या नव्या रस्त्यातून ओढून आणताना पिळाची दिशा प्रत्येक टप्प्यावर मोठ्याने बोलून दाखवायची असं ठरलं होतं, कारण अंधारात आणि धुळीत काळ्या रबराची वरची बाजू कोणती हे ओळखायला डोळे दगा देतात. रिगरांनी वरच्या बाजूला खडूने जाड पांढरी रेघ मारली होती. ही साधी रेघ माझ्या दृष्टीने त्या रात्रीचं सगळ्यात मोलाचं अवजार. जॉइंट गरम व्हल्कनायझिंगचा, म्हणजे उष्णता आणि दाब देऊन रबर जोडण्याचा. चार प्लायला तीन पायऱ्या पाडायच्या, प्रत्येक पायरीचं रबर चाकूने सोलायचं पण खालच्या कापडाचा धागा कापू द्यायचा नाही. आमच्याकडे आलेल्या व्हल्कनायझिंगच्या टीममध्ये एक म्हातारे कारागीर होते. ते सोललेल्या पायरीवरून उलट्या हाताची बोटं फिरवायचे आणि कुठे पातं खोल गेलंय ते न बघता सांगायचे. वर ताडपत्रीचा तंबू, कारण दवाचा एक थेंब जॉइंटमध्ये गेला तर तिथे फुगा येतो. मग प्रेस, साधारण १४५ अंशांवर, आणि थंड होईपर्यंत हात लावायचा नाही.

रिकामा बेल्ट सुरू केला तेव्हा आम्ही सगळे पिळाच्या जागी उभे होतो, कुंपणाबाहेर. पहिल्या फेऱ्यांत बेल्ट पिळातून बाहेर पडताना एका बाजूला जात होता. बाहेर पडल्यावरचा रोलर किंचित तिरका करून तो जागेवर आणला. माल चढल्यावर ताण बदलला, तेव्हा पुन्हा थोडं जुळवावं लागलं. पण ज्याचा आमच्या ड्रॉइंगमध्ये उल्लेखही नव्हता तो वारा. मे महिन्यात आपल्याकडे संध्याकाळी वादळ उठतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना कल्पना येईल. उभा राहिलेला सव्वा मीटरचा बेल्ट वाऱ्याला थेट सामोरा असतो. तो फडफडला आणि उभ्या रोलरवर आपटायला लागला. दोन्ही बाजूंनी पत्रे लावल्यावर ते थांबलं. हे काम करणार असाल तर पत्रे पहिल्या दिवशीच लावा.

मग पाऊस आला. पिळाच्या जागी बेल्टवरची माती सैल होऊन पडते, आणि तिथे काँक्रीटचा हौद केला आहे, ट्रेसलखाली, लोडर आत जाईल एवढा. पूर्वी जो चिखल अख्ख्या १.८ किलोमीटरवर सांडायचा तो आता दोन ठिकाणी पडतो, हेडच्या पिळाखाली आणि टेलच्या पिळाखाली, आणि दोन्ही ठिकाणांहून गोळा करून परत मालात घालता येतो. मधले रोलर कोरडे नसले तरी स्वच्छ आहेत. बेल्ट कडेला सरकून लाइन थांबण्याचे प्रकार त्या मोसमात नावालाच झाले. रस्त्यावरचा ट्रे आम्ही ठेवला आहे, खबरदारी म्हणून, पण तो रिकामा असतो. कापसाच्या गाड्या खालून जातात आणि मी सकाळच्या फेरीत रस्त्याचं डांबर बघतो. त्यावर राखाडी ठिपके नसतात. मला या नोकरीत आनंद देणाऱ्या ज्या गोष्टी आहेत त्यात ही वरची.

सगळं सुटलं असं मात्र नाही. मळकी बाजू वर गेल्यावर तिच्यावर तिरका पाऊस पडतो, मातीचा पातळ रबडा होतो आणि दोन रोलरमधल्या झोळात साचून पुढे पुढे वाहत येतो. म्हणून रस्ता आणि नाल्याच्या टप्प्यात रिटर्नलाही बाजूचे पत्रे घातले. वरच्या बेल्टवरून घरंगळलेला एखादा दगड आता मळक्या बाजूवर पडतो आणि टेलच्या पिळात जाऊन खाली पडतो, तेव्हा तिथल्या खड्ड्याभोवती जाळी हवीच. टेल पुलीच्या आधीचा, आतल्या बाजूवरचा दगड कडेला ढकलणारा व्ही-प्लाऊ काढून टाका असं एकाने सुचवलं होतं. मी काढू दिला नाही. दुसरा पीळ आणि टेल पुली यांच्या मधल्या जागेत आतल्या बाजूवर दगड पडू शकतो, आणि पुलीत दगड गेला की बेल्टला आरपार भोक. टेक-अपच्या दोन बेंड पुली तशाच आहेत, त्यांना आम्ही पावसाळ्यात स्वतंत्र सफाईची वेळ ठरवून दिली आहे, लाइन लॉक करूनच. हलत्या बेल्टखाली सब्बल घालायची सवय फार जुनी आहे आणि मी तिच्याशी रोज भांडतो.

मेघालयातल्या खाणीतून बांगलादेशातल्या छातकच्या सिमेंट कारखान्यात चुनखडी नेणारा १७ किलोमीटरचा कन्व्हेअर आहे, त्यातले सुमारे ७ किलोमीटर भारतात आणि १० बांगलादेशात. पश्चिम सहारातला बू क्राचा फॉस्फेटचा कन्व्हेअर तर ९८ किलोमीटरच्या आसपास. नव्या पोरांना मी हे आकडे सांगतो आणि लगेच विचारतो, मग रिकामा परत किती किलोमीटर येतो? बहुतेकांना उत्तर द्यायला एक क्षण लागतो, इतका तो अर्धा भाग डोक्याबाहेर असतो. आपलं आयएस ११५९२, बेल्ट कन्व्हेअरच्या डिझाइनचं भारतीय मानक, उघडलं तरी नवशिका आधी माल किती, वेग किती, मोटर किती याच पानांवर रमतो.

सध्या आमच्याकडे दुसऱ्या लायनीचं ड्रॉइंग चाललं आहे, नव्या क्रशरसाठी. या वेळी हेडच्या बाजूचा ट्रेसल पहिल्यापासूनच उंच धरून टर्नओव्हरला वीस मीटरचा सरळ टप्पा मिळाला आहे. टेलच्या बाजूला मात्र खर्च दाखवून खड्ड्याची खोली कमी करायचा प्रस्ताव आला आहे. पुढच्या आठवड्यात त्यावर बैठक आहे, आणि रॉक ब्रेकरच्या तासांचा जुना हिशेब मी काढून ठेवला आहे.